गेटपास नसलेला वाचक: खुलं संशोधन आणि आपला औद्योगिक पट्टा



‘खुलं संशोधन’ म्हटलं की हा विद्यापीठातल्या लोकांचा मामला, असं आपल्याकडे समजतात. पीएचडी करणाऱ्यांनी बघावं, नाहीतर ग्रंथपालांनी. आज आपण तो भोसरी, तळवडे, आकुर्डी आणि चाकण इथे उभं राहून बघणार आहोत. इथे लाखो माणसं रोज तांत्रिक कामं करतात, आणि त्यातल्या फार थोड्यांकडे विद्यापीठाचं लॉगिन आहे.

तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवू. एक, भोसरीत आठ-दहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा जॉबवर्कवाला. दुसरी, आकुर्डी-निगडीकडच्या एखाद्या खासगी विनाअनुदानित कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी विद्यार्थिनी. तिसरा, डिप्लोमा करून चाकणला क्वालिटीत लागलेला मुलगा. तिघांनाही संशोधनाचे कागद लागतात, पण संशोधनाच्या गेटवर त्यांच्याकडे गेटपास नाही.

आता ‘खुलं’ म्हणजे काय? २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात याची व्याख्या झाली: कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, प्रत काढावी, वाटावं, त्यात शोध घ्यावा, आणि मूळ लेखकाचं श्रेय तेवढं राखावं. म्हणजे ‘फुकट’ आणि ‘खुलं’ हे एक नव्हे. दुकानाच्या काचेतून वस्तू फुकट दिसते, म्हणून ती आपली होत नाही. म्हणून आज प्रत्येक साठ्याला आम्ही चार प्रश्न विचारणार आहोत. सापडतं का? उघडतं का? त्यावर भरवसा ठेवता येतो का? आणि वापरता येतं का? साठे चार आहेत: पेटंट, मानकं, प्रबंध आणि नियतकालिकं.

पेटंट: सगळ्यांत खुला आणि सगळ्यांत दुर्लक्षित साठा

पेटंट म्हणजे गुपित, असा गैरसमज आपल्या एमआयडीसीत घट्ट आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. पेटंट हा सौदा आहे. सरकार शोध लावणाऱ्याला वीस वर्षांची मक्तेदारी देतं, आणि बदल्यात त्याने आपली रीत जाहीर करायची असते. आपल्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे अर्जदाराला त्याच्या माहितीतली सर्वांत चांगली पद्धत लिहून द्यावी लागते.

उदाहरण घरचंच घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी एका अर्जात लहान बोअरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याची रचना मांडली. पेटंट क्रमांक १९५९०४, मंजुरी जुलै २००५. हेच ते डीटीएस-आय. पुढे टीव्हीएसची फ्लेम ही १२५ सीसीची गाडी आली, तिच्यातही दोन प्लग होते, आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी विका, हिशेब नीट ठेवा, आणि खटला लवकर निकाली काढा. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

या भांडणात टीव्हीएसचं एक मोठं हत्यार काय होतं? होंडाचं जुनं अमेरिकी पेटंट. ‘ही कल्पना आधीच जाहीर झालेली आहे’ हे दाखवायला त्यांनी तो कागद पुढे केला. तो कागद तेव्हाही सगळ्यांना खुला होता, आजही आहे. कोट्यवधींच्या वादात कामाला आलेला दस्तऐवज भोसरीतला कुठलाही माणूस मोबाइलवर उघडू शकतो. आणि बजाजच्या त्या पेटंटची वीस वर्षं जुलै २०२२ मध्ये भरली. त्यात लिहिलेली रचना आता सार्वजनिक आहे.

शोधायचं कसं? नुसते शब्द टाकून फारसं हाती लागत नाही, कारण पेटंटची भाषा मुद्दाम अघळपघळ असते. तिथे साध्या स्क्रूला ‘बांधणीचे साधन’ म्हणतील. म्हणून वर्गीकरणाचा आधार घ्यावा. जगभरची पेटंट एकाच सांकेतिक पद्धतीने लावलेली असतात. दोन किंवा अधिक स्पार्क प्लगची मांडणी एफ०२पी १५/०२ या खणात येते. आपल्या कामाशी जुळणारं एक पेटंट मिळालं की त्याच्यावरचा संकेत उचलायचा आणि तोच शोधात टाकायचा. सगळा खण उघडतो. युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स या दोन्ही ठिकाणी हे मोफत होतं.

मग भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’वर दोन गोष्टी तपासायच्या. हे पेटंट भारतात घेतलेलं आहे का? आणि असेल, तर त्याची नूतनीकरणाची फी भरलेली आहे का? परदेशात पेटंट आहे पण भारतात अर्जच नाही, तर भारतात ती रचना बनवून विकायला त्या पेटंटची आडकाठी नाही. मात्र माल त्या देशात पाठवायचा असेल तर तिथला कायदा लागू होतो, हे विसरायचं नाही. आणि विद्यार्थ्यांनो, कलम ४७ प्रमाणे प्रयोगासाठी, संशोधनासाठी आणि शिकवण्यासाठी चालू पेटंटमधली वस्तूही बनवून बघता येते. विकता येत नाही, एवढंच.

टीकाही करायला हवी. ‘इनपास’ वापरायला कटकटीचं आहे, जुनी कागदपत्रं धूसर स्कॅनच्या रूपात आहेत, आणि मराठीत काहीच नाही. शिवाय पेटंट वाचून लगेच पार्ट बनत नाही. टॉलरन्स, हीट ट्रीटमेंट आणि हाताचा अंदाज या गोष्टी कागदावर येत नाहीत. तरीही चारही प्रश्नांवर पेटंटचा साठा चांगल्या गुणांनी पास होतो. आपणच परीक्षेला बसत नाही.

मानकं: नियम पाळा, पण आधी विकत घ्या

दुसरा साठा मानकांचा. इथे आपल्या दारात एक फार चांगलं उदाहरण आहे. एआरएआय ही १९६६ ची संस्था, कोथरूडच्या टेकडीवर तिचं मुख्यालय आणि चाकणलाही तिचं केंद्र. वाहनांसाठीची एआयएस मानकं तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

याचं मोल किती? २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं गेलं आणि बदल १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आता आपला चाकणचा क्वालिटीतला मुलगा बॅटरीच्या डब्याचं काम बघत असेल, तर ‘साहेब म्हणतात म्हणून’ एवढ्यावर त्याने का थांबावं? चाचणी कुठली, किती वेळ, कुठल्या तापमानाला, नापास कशाला म्हणायचं, हे तो स्वतः वाचू शकतो. ड्रॉइंगवरचा आकडा कुठून आला हे कळलेला माणूस वेगळा बोलतो. ऑडिटला तो घाबरत नाही.

उणीव अशी की मूळ मानक एका फाइलमध्ये आणि दुरुस्त्या वेगळ्या फाइलींत असतात. कुठला परिच्छेद रद्द झाला, कुठला नवा आला, हे वाचणाऱ्याने जुळवून घ्यायचं. घाईत जुनी फाइल उतरवली तर माणूस रद्द झालेला नियम मन लावून पाळत बसेल. म्हणून मानक उघडलं की आधी दुरुस्त्यांची यादी बघायची, मग मजकूर. भारतीय मानक ब्यूरोची देशी मानकंही आता नोंदणी करून मोफत मिळतात, आणि हा बदल स्वागतार्ह आहे.

पण आयएसओ आणि आयएटीएफचं काय? गाड्यांच्या कंपन्यांना माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ हवंच, असं व्हेंडरला सांगितलं जातं. तो कागद विकत घ्यावा लागतो. शिवाय तो एकटा वाचून उपयोग नाही, कारण तो आयएसओ ९००१ च्या जोडीनेच वाचायचा असतो, आणि तेही विकतच. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. दहा माणसांच्या शॉपमध्ये मात्र मूळ मानक येतच नाही. येते ती सल्लागाराने दिलेली फाइल, आणि मालक आयुष्यभर नियमाऐवजी नियमाचा सारांश पाळतो. आमचं म्हणणं सरळ आहे: ज्या नियमावाचून धंदाच करता येत नाही, तो नियम वाचायला तरी पैसे पडू नयेत.

शोधगंगा: गंगा आली, घाट बांधायचा राहिला

तिसरा साठा प्रबंधांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधांची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, लॉगिनशिवाय. एवढं मोठं काम झालं आहे हे आधी मान्य करू. एरवी हे प्रबंध विद्यापीठाच्या कपाटातच राहिले असते.

पण आपल्या विद्यार्थिनीला चाकणच्या सुट्या भागांच्या उद्योगावर काही हवं आहे. ती मराठीत ‘चाकण’ टाकते आणि फारसं काही येत नाही. याची कारणं समजून घेतली तर वाट सापडते. पहिलं कारण स्पेलिंग. इंग्रजीत पिंपरीचं शेवटून तिसरं अक्षर कधी असतं, कधी नसतं. चिंचवडमध्ये कधी ‘डब्ल्यू’, कधी ‘व्ही’. जुन्या कागदांत पुणे म्हणजे ‘पूना’. सगळी रूपं टाकून बघावी लागतात. दुसरं कारण विषयाचा शब्द. आपण ‘व्हेंडर’ म्हणतो, प्रबंधात त्याला ‘पूरक उद्योग’, ‘लघुउद्योग’ किंवा ‘ऑटो कॉम्पोनंट’ म्हटलेलं असतं. तिसरं कारण सगळ्यांत दुखरं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतात, यंत्राला मात्र ती निरर्थक अक्षरं वाटतात. पानभर ‘चाकण’ लिहिलेलं असलं तरी शोधयंत्राच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत.

यावर आजचा उपाय असा: शीर्षक इंग्रजीत शोधायचं, विभाग आणि मार्गदर्शकाच्या नावावरून जायचं, आणि एक बरा प्रबंध मिळाला की आधी त्याची संदर्भसूची उघडायची. प्रबंधाचे निष्कर्ष कधीकधी पातळ असतात, पण त्याची सूची म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षं पायपीट करून जमवलेला पत्त्यांचा गठ्ठा असतो. तो फुकट मिळतो आहे.

तक्रार मात्र नोंदवायला हवी. एकेक प्रकरण वेगळ्या फाइलीत, त्यामुळे पूर्ण प्रबंधात एकदम शोध घेता येत नाही. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं काम कुठल्याही एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. ते विद्यापीठांनीच करायचं आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी साजरा केला. त्याच मराठीतलं संशोधन शोधयंत्राला वाचता येऊ नये, हे बरं नाही.

नियतकालिकं: कुंपणाच्या आत आणि बाहेर

आता चौथा साठा, आणि इथे खरी खडाखडी आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख लाभार्थी. आकडे मोठे आहेत. ज्या सरकारी कॉलेजला कधी एकही महागडं नियतकालिक परवडलं नसतं, तिथे आता ते उघडतं. हे चांगलंच झालं.

पण यादी कुणाची आहे? सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि सरकारी संशोधनसंस्थांची. पिंपरी-चिंचवडमधली बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजं खासगी आहेत. पहिल्या टप्प्यात ती बाहेर. आयटीआय बाहेर. आपला जॉबवर्कवाला तर बाहेरच, जरी त्याच्याही करातून ते सहा हजार कोटी आलेले आहेत. म्हणजे नावात ‘राष्ट्र’ आहे आणि दारात गेटपास विचारला जातो. शिवाय ही वर्गणी आहे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा पैसे. या योजनेने कुंपण मोडलेलं नाही. काही लोकांचं भाडं सरकारने भरलं आहे.

बाहेरच्याने मग काय करायचं? सायहबचं नाव बहुतेकांच्या मनात आलं असेल. तो खटला डिसेंबर २०२० पासून दिल्ली उच्च न्यायालयात आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ रोखण्याचा आदेश झाला. त्याच्या भरवशावर अभ्यास उभा करू नये. कायदेशीर वाटा पुष्कळ आहेत. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन त्याच लेखाची खुली प्रत कुठे असेल तर दाखवतं. वैद्यकीय आणि जैविक विषयांसाठी पबमेड सेंट्रल आहे. खुल्या नियतकालिकांची डीओएजे ही सूची २००३ पासून चालू आहे. आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणजे लेखकालाच ईमेल करायचा. चार ओळी, नेमका लेख कुठला आणि तो कशासाठी हवा आहे ते लिहायचं. आपला लेख कुणीतरी वाचू मागतंय याचं संशोधकाला बहुधा कौतुकच असतं.

इथे तिसरा प्रश्न, भरवशाचा. लेख फुकट उघडला म्हणून तो चांगला, असं नाही. याचा सर्वांत रोखठोक पुरावा पुण्यातूनच आला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ नियतकालिकं तपासली, आणि त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे संपादक सापडेनात, कुणाचे गुणांकाचे दावे बनावट. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. नंतर ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली. म्हणजे आता पारख करणं संस्थेवर आणि वाचणाऱ्यावर आलं आहे.

पारख अवघड नाही. नवीन व्हेंडर घेताना आपण काय बघतो? पत्ता खरा आहे का, शॉपवर जाऊन माणसं दिसतात का, आधीच्या गिऱ्हाइकांना विचारता येतं का. नियतकालिकाचंही तसंच. संपादक त्यांच्या संस्थेच्या पानावर सापडतात का? जुने अंक उघडतात का? आठ दिवसांत छापून देतो आणि अमुक रुपये भरा, असं पहिल्याच पानावर लिहिलंय का? लिहिलं असेल तर तिथून निघावं. आणि तो पटवर्धनांचा लेख स्वतः वाचावा. ‘करंट सायन्स’ मोफत आहे.

आपण काय दिलं?

आतापर्यंत आपण दुसऱ्यांनी काय खुलं केलं ते तपासलं. शेवटी तोच प्रश्न या पट्ट्याला विचारायला हवा.

पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाची एक सुरुवात हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून होते. १९५४ ची सरकारी कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, देशाला पेनिसिलिन देण्यासाठी. पण तिथे फक्त उत्पादन झालं नाही. एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तिथे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव ठेवलं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या गावाचं नाव विज्ञानाच्या सूचीत असं गेलं. आणि ही कंपनी ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ नावाचं संशोधनपत्र काढत होती. कारखाना चालवणाऱ्यांना आपण जे शिकलो ते छापावंसं वाटत होतं.

आज पबमेडवर त्या बुलेटिनमधल्या जुन्या लेखांची नोंद बघा. लेखक, शीर्षक, खंड, पान. बहुतेक ठिकाणी त्यापुढे मजकूर नाही. उलट अलेक्झांडर फ्लेमिंगचा १९२९ चा पेनिसिलिनवरचा मूळ निबंध पबमेड सेंट्रलवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोफत वाचता येतो. लंडनमधला निबंध पिंपरीत बसून मिनिटात उघडतो, आणि पिंपरीतला निबंध पिंपरीतच शोधावा लागतो.

हे फक्त जुन्या काळाचं नाही. एआरएआय पुण्यात ‘सिॲट’ ही वाहनतंत्राची मोठी परिषद भरवते. आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांचे अभियंते तिथे निबंध वाचतात. ते निबंध पुढे एसएई इंटरनॅशनल या अमेरिकेतल्या संस्थेकडे प्रसिद्ध होतात आणि एकेक निबंध विकत मिळतो. चाकणच्या अनुभवावर लिहिलेला, पुण्यात वाचलेला निबंध चाकणच्या डिप्लोमावाल्याला डॉलरमध्ये घ्यावा लागतो. मानकं मोफत देणाऱ्या संस्थेने निबंधांचाही विचार करावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. निदान दोन-तीन वर्षं झाली की जुने निबंध खुले करण्याची बोलणी तरी व्हावीत.

तर आजचा आमचा निवाडा असा. पेटंट आणि वाहनांची मानकं खरोखर खुली आहेत, वापरणारे कमी आहेत. प्रबंध खुले आहेत, पण सापडत नाहीत. नियतकालिकांचं दार ज्याच्याकडे गेटपास आहे त्यालाच उघडतं, आणि मोकळ्या मैदानात भामटेही बसले आहेत. सर्वांत कमी खुलं आहे ते आपल्याच पट्ट्याने कमावलेलं ज्ञान.

घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या कामात सध्या अडलेला एकच प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा. मग त्याच्यासाठी एक पेटंट, एक मानक आणि एक प्रबंध शोधा. तीन संध्याकाळी पुरतील. जे सापडेल ते शेजारच्या शॉपवाल्यालाही द्या, आणि जे सापडणार नाही त्याची नोंद ठेवा. ती नोंद घेऊन आपल्याला विद्यापीठाकडे, एआरएआयकडे आणि सरकारकडे जाता येईल. ‘सगळं इंटरनेटवर आहे की’ असं उत्तर तेव्हा त्यांना देता येणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.